हॉटेल नेमके कोणत्या प्रकारात बसते? ‘एज’ हरित प्रमाणपत्र प्रणालीचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरातील जालना रस्त्यालगतचे ४२ खोल्यांचे हॉटेल, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील यात्री निवास आणि वेरूळ-खुलताबाद भागातील एक लहान रिसॉर्ट अशा तीन कामांसाठी मी ‘एज’ ही हरित इमारतींच्या प्रमाणपत्राची प्रणाली वापरली. तिन्ही ठिकाणी माणसे रात्रीच्या मुक्कामाला येतात, म्हणून बोलण्यात तिन्ही ‘हॉटेल’च, पण प्रणालीत माहिती भरायला बसल्यावर इमारतीचा प्रकार निवडण्यात जितका वेळ आणि विचार गेला, तितका काचा, विटा आणि वातानुकूलन यंत्रे यांच्या नोंदी भरण्यातही गेला नाही. वास्तुविशारद म्हणून मला या प्रणालीबद्दल जे सांगायचे आहे, ते बहुतांशी या निवडीशी निगडित आहे, आणि मराठवाड्यात हॉटेल बांधणाऱ्या मालकांनी ते आराखडे कागदावर उतरण्यापूर्वी वाचावे अशी माझी इच्छा आहे.

‘एज’ ही जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने, म्हणजे आयएफसीने, विकसित केली. तिचे संगणकीय साधन इंटरनेटवर विनामूल्य वापरता येते. शुल्क भरावे लागते ते प्रमाणपत्रासाठी नोंदणी केल्यावर. ऊर्जा, पाणी आणि बांधकामाचे साहित्य तयार होताना खर्ची पडलेली ऊर्जा या तिन्ही बाबींत, त्या भागातील रूढ पद्धतीच्या इमारतीपेक्षा किमान २० टक्के बचत झाली पाहिजे, एवढी तिची सरळ अट आहे. ऊर्जेतील बचत ४० टक्क्यांपर्यंत नेली, तर वरचा दर्जा मिळतो. इथे एका बाबीतील कमतरता दुसरीत भरून काढता येत नाही. पाण्यात ४५ टक्के बचत केली आणि साहित्यात १२ टक्क्यांवर अडलो, तर प्रमाणपत्र नाही. हा काटेकोरपणा मला मनापासून आवडतो, कारण आपल्या भागात पाण्याचा प्रश्न मागे ठेवून केवळ गच्चीवरच्या सौर पॅनेलांच्या जोरावर एखाद्या इमारतीने ‘हरित’ म्हणवून घ्यावे, हे पटण्यासारखे नाही.

बचत मोजायची तर तुलनेला दुसरी इमारत लागते. आपण गाव निवडले की तिथले हवामान आणि बांधकामाची रूढ पद्धत हे साधन स्वतःच गृहीत धरते. त्यानंतर प्रकार निवडला की त्या प्रकारच्या निवासात गरम पाणी किती लागेल, चादरी-टॉवेल धुण्याचा पसारा किती असेल, स्वयंपाकघर केवढे असेल, याचा अंदाज बांधून ते एक तुलनेची इमारत उभी करते. निवासी व्यवसायासाठी हॉटेल, रिसॉर्ट आणि सर्व्हिस्ड अपार्टमेंट असे प्रकार आहेत, आणि हॉटेलांची पुन्हा एक ते पाच ताऱ्यांत विभागणी आहे. वरचा तारा निवडला की तुलनेची इमारत खर्चिक होते, आणि तिच्या शेजारी कोणतीही साधी इमारत काटकसरी दिसू लागते. शेजाऱ्याकडे रोज पंगती उठतात असे धरून चालले, तर आपल्या घरचा किराणा नेहमीच कमी वाटणार. साधनाने दिलेल्या टक्क्यांचा खरेपणा म्हणूनच आपण भरलेल्या प्रकाराच्या खरेपणाइतकाच असतो.

हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून समजले नाही. जालना रस्त्यावरच्या हॉटेलसाठी मालकांनी सुरुवातीला एका सल्लागार संस्थेला काम दिले होते, आणि त्या संस्थेने भरलेला पहिला तक्ता माझ्या हाती आला तेव्हा त्यात इमारतीची नोंद ‘चार तारांकित हॉटेल’ अशी होती. प्रत्यक्षात पोहण्याचा तलाव नाही, व्यायामशाळा नाही, कपडे बाहेरच्या लाँड्रीत जाणार, आणि तारांकित दर्जासाठी मालकांनी अर्जही केलेला नव्हता. विचारल्यावर उत्तर मिळाले की या प्रकारात २० टक्क्यांचा आकडा सहज गाठता येतो. मला हे उत्तर साफ अमान्य होते, आणि ते मी मालकांना तसेच सांगितले. आम्ही सुविधांच्या हिशेबाने तीन तारांकित प्रकार धरून सगळा तक्ता नव्याने भरला, तेव्हा ऊर्जेतील बचत पात्रतेच्या रेषेखाली घसरली. मग पश्चिमेच्या भिंतीतील काच कमी करावी लागली, खिडक्यांवर खोल छज्जे आले, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी आली, गरम पाण्यासाठी सौर संयंत्राची क्षमता वाढवली. वरच्या मजल्यावरच्या खोल्या मे महिन्यात ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बदलांचे मोल सांगावे लागत नाही. पहिलाच तक्ता पुढे गेला असता तर प्रमाणपत्र कदाचित मिळाले असते, पण यातला एकही बदल झाला नसता.

याच हॉटेलने आणखी एक पेच पुढे आणला. वाळूज आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांत यंत्रे बसवायला येणारे अभियंते दोन-दोन, तीन-तीन महिने राहतात, म्हणून मालकांनी सगळ्यात वरच्या मजल्यावर छोट्या ओट्यासह आठ खोल्या काढल्या होत्या. जिथे माणूस स्वतःचा चहा-नाश्ता करतो, कपडे स्वतः धुतो आणि महिन्याच्या हिशेबाने भाडे देतो, ती खोली वापराच्या दृष्टीने सर्व्हिस्ड अपार्टमेंटच्या जवळ जाते. बाकी ३४ खोल्यांचा वापर मात्र सरळ हॉटेलचा होता, आणि या आठ खोल्यांचे क्षेत्र एकूण इमारतीत लहान होते, त्यामुळे इमारत हॉटेल म्हणूनच राहिली. ओट्यांसाठी लागणारी ऊर्जा आणि पाणी आम्ही लपवले नाही, एवढेच. प्रमाण उलटे असते, तर मी उत्तरही उलटे दिले असते.

नांदेडचे यात्री निवास हा तिन्हींतला सगळ्यात शिकवणारा अनुभव ठरला. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनासाठी पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसने येणारी कुटुंबे एका खोलीत पाच-सहा जण राहतात, एक-दोन रात्री काढून परत जातात, जेवण गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये होते, आणि पहाटे जवळजवळ सगळ्या खोल्यांतून एकाच वेळी अंघोळी चालतात. म्हणजे स्वयंपाकघर जवळपास नाही, चहाची टपरी बाहेर, कपडे धुण्याचे काम बेताचे, पण गरम पाण्याची मागणी खोल्यांच्या संख्येवरून काढली तर साफ चुकेल इतकी मोठी. हॉटेल म्हणजे खोलीत दोन माणसे, सकाळी सावकाश न्याहारी आणि रोज बदललेल्या चादरी, या कल्पनेवर उभा असलेला कोणताही प्रकार इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आम्ही सर्वांत साधा, एक तारांकित हॉटेलचा प्रकार घेतला आणि खोलीमागे माणसांची संख्या, स्वयंपाकघराचे क्षेत्र, गरम पाण्याची तजवीज हे सगळे प्रत्यक्ष वापराप्रमाणे भरले. त्यासाठी आधार म्हणून त्याच ट्रस्टच्या जुन्या इमारतीची वर्षभराची नोंदवही घेऊन बसलो. कोणत्या तिथीला किती माणसे आली, किती रात्री राहिली, कोणत्या महिन्यात खोल्या रिकाम्या होत्या, हे व्यवस्थापकांनी निळ्या शाईत लिहून ठेवले होते, आणि त्या वहीपेक्षा अधिक विश्वासार्ह कागद मला या संपूर्ण कामात मिळाला नाही.

या यात्री निवासातील बहुतेक खोल्यांत वातानुकूलन नाही. अशा इमारतीसाठी ‘एज’ची एक तरतूद मला विशेष उल्लेखनीय वाटते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत सुखद तापमान राखायला जेवढी वीज लागली असती, तेवढी हे साधन ‘आभासी ऊर्जा’ म्हणून हिशेबात धरते. सुरुवातीला ट्रस्टच्या मंडळींना हे अन्यायाचे वाटले, कारण न जाळलेल्या विजेचा भार त्यांच्या माथी येत होता. पण विचार केला तर हे न्याय्यच आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि एसी नाही एवढ्याच कारणाने तापलेली खोली ‘काटकसरी’ ठरली, तर उकाडा सोसणाऱ्या यात्रेकरूच्या जिवावर आपण बचत मोजली असे होईल. शिवाय दोन वर्षांनी कुणीतरी तिथे एसी बसवतोच. या तरतुदीमुळे छतावरचा उष्णतारोधक थर, समोरासमोरच्या खिडक्या, पंखे आणि सावली यांना आकड्यांत किंमत मिळते, आणि गरीब यात्रेकरूंसाठीची इमारतही गारव्याच्या कसोटीवर तपासली जाते.

वेरूळकडच्या रिसॉर्टमध्ये प्रश्न उलट्या बाजूने आला. मालकांना ते कागदोपत्री ‘हॉटेल’ म्हणून हवे होते, कारण परवानगीच्या अर्जांत तोच शब्द गेला होता. पण विखुरलेली तळमजली कॉटेज आणि पाचमजली इमारत यांत मूलभूत फरक आहे. पाच सारख्या मजल्यांच्या इमारतीत एकूण बांधीव क्षेत्राच्या पाचव्या हिश्शावरच छताचे ऊन पडते. तळमजली कॉटेजमध्ये प्रत्येक चौरस फुटाच्या डोक्यावर छत आहे आणि चारही भिंती उन्हात आहेत. त्यातच बागेचे पाणी, वाटांवरचे दिवे आणि कॉटेजपर्यंत जाणाऱ्या गरम पाण्याच्या लांबच लांब नळ्या. रिसॉर्ट हा वेगळा प्रकार ठेवण्यामागे हे भौतिक कारण आहे, आणि आम्ही तोच निवडला. बागेतील हिरवळ कमी करून कडुलिंब, आपटा, शिसव अशी झाडे लावली, तेव्हा पाण्याच्या हिशेबात बराच मोकळेपणा आला.

इथे मालकांची आणखी एक इच्छा होती, ती म्हणजे माळवदाची कॉटेज. दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचे छत ही आपली जुनी रीत, आणि साहित्य तयार करण्यात खर्ची पडलेल्या ऊर्जेच्या दृष्टीने तिच्याशी सिमेंट-पोलादाची बरोबरी होणे कठीण. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात याच प्रकारच्या घरांची जड छते आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या, हे मराठवाड्यातला कोणताही बांधकाम करणारा विसरू शकत नाही. आम्ही चौकट काँक्रीटची ठेवली, भिंतींना औष्णिक वीज केंद्रातील राखेच्या विटा वापरल्या, आणि माळवदाची आठवण व्हरांड्याच्या लाकडी खांबांपुरती राखली. साहित्याच्या बाबीत २० टक्क्यांची रेषा ओलांडायला राखेच्या विटांचा मोठा हात होता.

आता इतर प्रणालींविषयी थोडे, कारण मालक तुलना विचारतातच. लीड या अमेरिकी हरित प्रमाणपत्र प्रणालीत हॉस्पिटॅलिटी हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्यात अल्पकाळाच्या मुक्कामाची हॉटेल, मोटेल, जेवणाची सोय असो वा नसो, येतात. तिथला ४० आणि ६० टक्क्यांचा नियम मला फार उपयुक्त वाटतो: एखादा प्रकार इमारतीच्या ४० टक्क्यांहून कमी क्षेत्राला लागू होत असेल तर तो वापरू नये, ६० टक्क्यांहून अधिक क्षेत्राला लागू होत असेल तर तोच वापरावा, आणि मधल्या पट्ट्यात निर्णय प्रकल्पाच्या चमूने घ्यावा. बीड, परभणी, जालना इथे खाली मंगल कार्यालय आणि वर वऱ्हाडासाठी खोल्या अशा ज्या इमारती सर्रास उभ्या राहतात, त्यांना हा नियम लावून पाहावा. त्यांतल्या कित्येक ‘हॉटेल’ पाटीखाली असूनही क्षेत्राच्या हिशेबाने सभागृह ठरतील. लग्नसराईतल्या मोजक्या मुहूर्तांना दीड हजार पानांची पंगत आणि एरवी कुलूप, हा वापर हॉटेलचा नाहीच.

आयजीबीसीच्या, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या, नव्या इमारतींसाठीच्या प्रणालीत हॉटेल येतात. तिथे ५१ टक्के किंवा त्याहून अधिक क्षेत्र मालकाच्या स्वतःच्या वापरात आहे की भाडेकरूंच्या, हाही प्रश्न विचारला जातो, म्हणून तळमजल्यावर दुकाने काढून भाड्याने देणाऱ्या हॉटेलमालकांनी ते आधी मोजून घ्यावे. ग्रिहा ही भारतीय प्रणाली २,५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींसाठी आहे आणि त्याहून लहान इमारतींसाठी तिचीच स्वग्रिहा ही आवृत्ती आहे. ग्रिहाचा दर्जाही एक ते पाच ताऱ्यांत मिळतो, आणि इथे मी हात जोडून सांगतो की हे तारे पर्यटन मंत्रालयाच्या ताऱ्यांपेक्षा पूर्णपणे वेगळे आहेत. पर्यटन मंत्रालयाचे वर्गीकरण किमान १० खोल्या असलेल्या हॉटेलची सेवा आणि सोयी पाहून दिले जाते. ग्रिहाचे तारे इमारतीच्या पर्यावरणीय कामगिरीचे आहेत. ‘आमचे हॉटेल पाच ताऱ्यांचे’ असे फलकावर लिहिताना कोणते तारे हे न सांगणे म्हणजे पाहुण्याची दिशाभूल आहे, आणि मी हे प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे.

सरकारी कागदांत याशिवायही याद्या आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेत लॉजिंग हाउस ए-१, हॉटेल ए-५ आणि तारांकित हॉटेल ए-६ या उपगटांत येतात; ती विभागणी मुख्यतः आगीपासूनच्या सुरक्षेच्या अंगाने महत्त्वाची. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत तारा नसलेली हॉटेल, तारांकित हॉटेल आणि रिसॉर्ट असे भाग आहेत, लॉजिंग आणि सामूहिक निवासकक्ष हे पहिल्या भागात मोडतात, आणि किमान १०० किलोवॅट जोडभार किंवा किमान १२० केव्हीए वीजमागणी असलेल्या व्यावसायिक इमारती तिच्या कक्षेत येतात. यात्री निवासांना या यादीत निदान हक्काची जागा आहे, याचे मला समाधान वाटते. प्रत्येक यादी वेगळा प्रश्न विचारते, म्हणून एकीतले उत्तर उचलून दुसरीत चिकटवू नये. मात्र खोल्यांची संख्या, क्षेत्र आणि सुविधा या मूळ नोंदी सगळ्या अर्जांत एकसारख्या असल्याच पाहिजेत.

हे प्रमाणपत्र कशासाठी घ्यायचे, यावरही निवड अवलंबून आहे. २०२० साली लागू झालेल्या युडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत ग्रिहाचे तीन, चार, पाच तारे किंवा आयजीबीसी आणि लीडचे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या दर्जांना अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के वाढीव चटई क्षेत्राचे, म्हणजे भूखंडावर करता येणाऱ्या जास्तीच्या बांधकामाचे, प्रोत्साहन आहे. ज्या मालकाचा सगळा हिशेब या वाढीव क्षेत्रावर बेतलेला आहे, त्याने ‘एज’कडे वळण्यापूर्वी नगररचना विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण नियमावलीत नावाने आलेल्या प्रणाली या तीनच आहेत आणि बाकीच्या ‘समतुल्य’ या शब्दावर अवलंबून आहेत. कबूल केलेला दर्जा शेवटी मिळाला नाही तर दंडाची तरतूदही तिथेच आहे.

पाण्याबद्दल मात्र मला ‘एज’कडून सर्वांत अधिक समाधान मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, आणि जायकवाडी जवळ असूनही छत्रपती संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. अशा प्रदेशात पाण्याची बचत ऐच्छिक गुणांवर न सोडता अट म्हणून ठेवणारी प्रणाली मला आपली वाटते. शॉवर आणि नळांचा प्रवाह, दुहेरी फ्लश, स्वयंपाकघरातील नळ, वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर या सगळ्याचा परिणाम लगेच आकड्यांत दिसतो. बोअरच्या जड पाण्याने कमी प्रवाहाच्या शॉवरची छिद्रे क्षाराने बुजतात आणि पाहुणे तक्रार करतात, हा आपल्याकडचा अनुभव लक्षात घेऊन मृदुकरण संयंत्राचा खर्च सुरुवातीलाच धरावा; नाहीतर सहा महिन्यांत ते शॉवर काढून जुने बसवले जातात.

प्रमाणपत्राची प्रक्रिया दोन टप्प्यांत होते. आराखड्यांच्या आधारे प्राथमिक आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष तपासणीनंतर अंतिम. तपासणीला येणारा परीक्षक छायाचित्रे, खरेदीची बिले आणि उपकरणांची माहितीपत्रके मागतो, म्हणून छतावरचा उष्णतारोधक थर फरशीखाली झाकला जाण्यापूर्वी त्याचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवणे विसरू नये. आमच्याकडून एका मजल्यावर ते राहिले आणि दोन ठिकाणी फरशी उकलून दाखवावी लागली.

शंभराच्या आतील खोल्यांचे हॉटेल, यात्री निवास किंवा रिसॉर्ट बांधणाऱ्या मराठवाड्यातल्या मालकाला मी ‘एज’ निःसंकोच सुचवेन. परदेशी कंपन्यांचे पाहुणे डोळ्यांसमोर असतील तर लीडचा खर्च सार्थ ठरू शकतो, आणि वाढीव चटई क्षेत्र हवे असेल तर ग्रिहा किंवा आयजीबीसी. सध्या माझ्यासमोर तुळजापूरच्या एका भक्तनिवासाचे काम आहे. त्याची एकही रेघ अजून ओढलेली नाही. ट्रस्टकडे गेल्या नवरात्रापासूनची नोंदवही मागितली आहे, ती आली की खोल्यांचा आकार ठरवायला बसू.